जुन्या फियाटचे ब्रेक : काय बदलावे, काय तसेच ठेवावे



शिवारफेरीला किंवा मेळाव्याला गेलो की लोक बियाणे, खत, कीड यांबद्दल विचारतात. ते माझे कामच आहे. परंतु अलीकडे एक निराळाच प्रश्न वरचेवर कानांवर येतो. चहा झाला की घरधनी गोठ्यापलीकडच्या छपराकडे नेतात, ताडपत्री बाजूला करतात आणि खाली जुनी फियाट किंवा पद्मिनी उभी असते. आजोबांनी उसाच्या बिलावर घेतलेली, किंवा तालुक्याच्या डॉक्टरांकडून जुनी म्हणून आणलेली. नातू म्हणतो, रंग मारून पुन्हा रस्त्यावर काढू. आजोबा म्हणतात, काढा, पण ब्रेकचे आधी बघा. हा आजोबांचा शब्द मला फार मोलाचा वाटतो. कारण रंग, गाद्या, चकचकीत बंपर यांवर हौसेने पैसे खर्च होतात आणि ब्रेक मात्र "लागतोय की" म्हणून राहून जातो.

कृषी पदवीच्या अभ्यासात अवजारे व यंत्रे हा विषय असतो, आणि खात्याच्या जीपने घाटवाटा तुडवण्यात माझी बरीच वर्षे गेली. तेव्हा या विषयावर चार गोष्टी सांगण्याचा अधिकार मी घेतो आहे. 

या गाडीचा आणि आपल्या मुलखाचा संबंध जवळचा. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. इंदापूर तालुक्यात ज्यांच्या नावाचे वालचंदनगर वसले, तेच हे वालचंदशेठ. कंपनीच्या मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डी तयार होऊ लागली. पुढे तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा बराच काळ स्टिअरिंगला, आणि ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. हे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेल्या. म्हणजे आज तुमच्या छपराखाली उभी असलेली गाडी वीस ते साठ वर्षांची आहे, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. इटलीत याच घराण्यातली पुढची गाडी, फियाट ११०० आर, १९६६ मध्ये निघाली आणि तिला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते. आपल्याकडे मात्र जुनाच साचा चालू राहिल्यामुळे ड्रमच कायम राहिले. म्हणून आजचे तरुण विचारतात, की इटलीत डिस्क बसले, मग आपण का बसवू नयेत? प्रश्न बिनचूक आहे. पण उत्तर देण्याआधी ब्रेक नेमके काय काम करतो ते पाहू.

ब्रेक म्हणजे चूल

ब्रेक गाडी थांबवतो असे आपण म्हणतो. खरे म्हणजे तो गाडीच्या वेगाची उष्णता करतो. गाडीचे वजन सुमारे ९०० किलो, चार माणसे आणि थोडे सामान धरून १२०० किलो समजा. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेली ही गाडी एकदा थांबवली, तर जेवढी उष्णता निघते तिच्यात अर्ध्या लिटरहून थोडे अधिक गार पाणी उकळीला येईल. वेग ८० केला तर उष्णता दीडपट नव्हे, जवळजवळ पावणेदोनपट होते. कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते.

आता घाटाचा हिशेब करा. वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. पसरणीचा घाट उतरताना हीच गाडी ६०० मीटर खाली येते. या उताराची सगळी उष्णता ब्रेकवरच सोडली, तर ती ताशी साठच्या वेगावरून बेचाळीस वेळा गाडी थांबवण्याइतकी होते. चोवीस लिटर पाणी, म्हणजे एक मोठा हंडा भरून पाणी, उकळीला आणण्याइतकी. तीही दहा-बारा किलोमीटरच्या रस्त्यात. इतकी आच चार लोखंडी डब्यांत कोंडली तर काय होईल?

होते ते असे. ड्रम तापून फुगतो आणि शूपासून दूर सरकतो, म्हणून पेडल अधिकाधिक खाली जाते. लायनर फार तापले की त्याची पकड कमी होते. चालक जोर लावतो, गाडी मात्र हवी तशी आवळत नाही. करपल्याचा वास येतो. पायथ्याशी दहा मिनिटे थांबले की ब्रेक पुन्हा पूर्ववत, म्हणून लोक म्हणतात "काही नाही, जरा तापला होता". ते जरा तापणे जर शेवटच्या वळणाआधी झाले असते तर?

डिस्क ब्रेकचा खरा फायदा इथे आहे. त्याची चकती उघड्यावर फिरते, वारा लागतो, आणि तापून फुगली तरी पॅडपासून दूर जात नाही, उलट थोडी जाड होते. ओढ्यातून गाडी नेली तर पाणीही चटकन झटकले जाते. ड्रममध्ये मात्र पाणी शिरले की पुढे काही अंतर पाय हलका ठेवून ब्रेक वाळवावा लागतो. परंतु एका सपाट रस्त्यावर, एकदाच करकचून ब्रेक मारायचा असेल, तर चांगल्या स्थितीतला ड्रम आणि डिस्क यांत तुम्हाला वाटतो तेवढा फरक पडत नाही. चाक जाम होण्याइतका जोर दोन्ही देऊ शकतात, आणि चाक जाम झाल्यावर पुढचे सगळे टायरच्या हाती असते.

म्हणून खर्चाचा क्रम टायरपासून लावावा. छपराखाली उभ्या गाडीच्या टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर वाळून कडक झालेले असते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१४ असे असेल तर तो टायर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. दहा वर्षांवरचा टायर नक्षी असली तरी बदलावा असे माझे मत. आणि एका अक्षाला एक जुन्या पद्धतीचा, एक रेडियल अशी जोडी कधीही लावू नये. बैलजोडीत एक खोंड आणि एक म्हातारा जुंपल्यावर काय होते ते तुम्हाला मी सांगायला नको.

आधी आहे ते नीट करा

माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी बहुतेकांना नवे काही बसवण्याची गरजच नसते. त्यांचा ब्रेक मुळात जसा होता तसा आज नसतो, एवढेच. तरुण मुले "ड्रम ब्रेक वाईट" म्हणतात तेव्हा ती वीस वर्षे न उघडलेल्या ड्रमबद्दल बोलत असतात.

पेडल दाबून मिनिटभर तसेच धरून ठेवा. ते हळूहळू खाली बसत असेल तर मास्टर सिलिंडरची रबरे गेलेली आहेत, किंवा कुठेतरी गळती आहे. पेडल स्पंजासारखे लागत असेल तर नळ्यांत हवा आहे. दोनदा दाबल्यावर वर येत असेल तर शू आणि ड्रम यांतले अंतर वाढले आहे, ते जुळवून घ्या. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढत असेल तर दोन्ही बाजूंची पकड सारखी नाही. हे ट्रॅक्टरवाल्यांना चांगले कळते. ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक वेगळे असतात आणि रस्त्यावर जाताना दोन्ही पेडले खिटीने एकत्र जोडावी लागतात. एक बाजू घट्ट आणि एक सैल राहिली तर भरल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर कसा वळतो, हे ज्याने पाहिले तो विसरत नाही. (ती खिटी न लावताच डांबरी रस्त्याला लागणारे अजून आहेत. हा विषय वेगळा, पण लिहिल्यावाचून राहवले नाही.)

ड्रम उघडताना एक काळजी घ्या. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. आतली काळी धूळ तोंडाने फुंकू नका, कॉम्प्रेसरच्या हवेनेही उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, ते फडके पिशवीत बांधून टाका, आणि मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नका. ती धूळ फुप्फुसात गेली तर तिचे दुखणे कित्येक वर्षांनी वर येते.

आत काय पाहायचे? चाकाजवळचे छोटे सिलिंडर गंजून त्यांचे दट्टे अडकलेले असतात, विशेषतः गाडी दोन-तीन पावसाळे उभी असेल तर. मागच्या अक्षाचे ऑईल सील गळून लायनर तेलकट झालेले असते. ते पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवणारे मिस्त्री आहेत. तेल लायनरच्या पोटात मुरलेले असते, दोन दिवसांनी पुन्हा वर येते. सील बदला आणि दोन्ही बाजूंचे शू नवे घाला. एका बाजूचे नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने, असे करू नका. ड्रमला चरे पडले असतील तर लेथवर घासून घेता येतात, पण मर्यादेपर्यंतच. फार पातळ झालेला ड्रम लवकर तापतो. दोन्ही बाजूंचे ड्रम सारख्या मापाचे घासून घ्या. आणि ड्रम मोठा झाल्यावर जुन्या गोलाईचा शू मधोमधच टेकतो, कडेला टेकत नाही, म्हणून शूची गोलाईही त्या ड्रमला जुळवून घ्यावी लागते. चांगला मिस्त्री हे न सांगता करतो. तुमचा करत नसेल तर त्याला सांगा.

रबरी होज पाईप बाहेरून धड दिसले तरी बदलाच. आतून सुजून त्यांचे भोक अरुंद झालेले असते. मग ब्रेक लागतो पण सुटत नाही. लोखंडी नळ्यांवर गंजाचे खवले दिसत असतील तर त्याही बदला. या सगळ्याला मिळून जो खर्च येईल तो डिस्कच्या खर्चाच्या मानाने थोडाच असतो, आणि डिस्क बसवायचे ठरले तरी यातले अर्धे काम करावेच लागते.

तेल ते तेल नव्हे

ब्रेक ऑईलबद्दल मला जरा सविस्तर सांगायचे आहे, कारण खेड्यात सर्वांत घातक चूक इथे होते.

एकदा एका बागायतदारांच्या जुन्या गाडीतून मी प्रदर्शनाला चाललो होतो. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर गाडी जड चालू लागली. त्यांना वाटले इंजिनात काही बिघडले. मग करपल्याचा वास आला. उतरून पाहतो तो पुढच्या चाकाच्या कपाला हात लावता येईना. चौकशी केली तेव्हा कळले की आठवड्यापूर्वी ब्रेकच्या डबीतले ऑईल कमी दिसले, म्हणून गड्याने ट्रॅक्टरसाठी आणलेले इंजिन ऑईल त्यात ओतले होते. तेल ते तेल! ब्रेकच्या आतली रबरे ज्या जातीची असतात ती खनिज तेलाने फुगतात. फुगलेल्या रबराने मास्टर सिलिंडरमधले परतीचे बारीक भोक बंद केले. ऑईल परत जाईना, ब्रेक सुटेना, चाके तापू लागली, आणि तापल्यावर ऑईल प्रसरण पावून ब्रेक आणखी आवळू लागले. गाडी गार होऊ दिली, चाकाचे हवा काढायचे बूच सैल करून दाब सोडला आणि गाडी टोचन लावून गावी परत नेली. पुढे साऱ्या नळ्या धुऊन रबराचा एकूण एक तुकडा बदलावा लागला. त्या दिवशी सपाट रस्ता होता म्हणून खर्चावर निभावले. मागच्या सीटवर त्यांच्या दोन नाती होत्या.

तेव्हा डबीत ब्रेक ऑईलच घाला, दुसरे काही नको. बाटलीवर डॉट ३, डॉट ४ असे लिहिलेले असते. ताजे डॉट ३ कमीत कमी २०५ अंश सेल्सिअसला उकळते, डॉट ४ किमान २३० अंशाला. परंतु हे ऑईल हवेतली ओल शोषून घेते. मीठ पावसाळ्यात पाझरते ना, तसे. ठरावीक ओल मुरल्यावर डॉट ३ चा उकळबिंदू १४० अंशांपर्यंत आणि डॉट ४ चा १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो, असे त्याचे प्रमाण आहे. घाटात चाकाजवळचे ऑईल उकळले की त्याची वाफ होते. वाफ दबते, ऑईल दबत नाही. म्हणून पेडल एकदम तळाला जाते. म्हणून दर दोन वर्षांनी, गाडी चालली असो वा नसो, ऑईल पूर्ण बदलावे. फोडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षी वापरू नये. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलला जातो. डॉट ५ नावाचे सिलिकॉनचे ऑईल निराळे असते. ते यांत मिसळू नये.

आता नवे काय बसवावे

आहे ते ठाकठीक झाले, तरीही तुमच्या वाटेवर घाट आहे, घरची मंडळी नेहमी गाडीत असतात, हमरस्त्यावर नव्या गाड्यांच्या बरोबरीने चालवायची आहे, असे असेल तर सुधारणेचा विचार जरूर करा. नव्या गाड्या तुमच्यापुढे ज्या झटक्याने थांबतात त्या झटक्याने तुमची गाडी थांबत नाही, ही गोष्ट खरी आहे.

हातात पैसे एकाच बदलापुरते असतील तर माझे मत दुहेरी मास्टर सिलिंडरच्या बाजूने आहे. जुन्या काळच्या बहुतेक लहान गाड्यांत मास्टर सिलिंडर एकेरी असे. म्हणजे पेडलखालून निघालेले ऑईल चारही चाकांना एकाच वाटेने जाते. एक नळी फुटली, एक रबर गेले, की चारही चाकांचा ब्रेक गेला. विहिरीवर एकच मोटार आणि एकच पाईप असण्यासारखे आहे हे. दुहेरी सिलिंडरमध्ये दोन कप्पे असतात, पुढच्या चाकांचा एक आणि मागच्यांचा एक. एक निकामी झाला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते, उशिरा का होईना. याने गाडी रोजच्यापेक्षा लवकर थांबणार नाही, म्हणून पोरांना यात मजा वाटत नाही. पण वाईट दिवशी उपयोगी पडणारी गोष्ट हीच.

फक्त माप पाहून घ्या. सिलिंडरचे भोक मोठे घेतले तर पेडल कमी दबते आणि पायाला घट्ट लागते, म्हणून "ब्रेक कडक झाला" असे वाटते. प्रत्यक्षात पायाला जोर जास्त लावावा लागतो. पाऊण इंची भोकाऐवजी सात अष्टमांश इंची बसवले, तर तेवढाच ब्रेक लागायला सुमारे ३६ टक्के जास्त जोर लागेल. घरात आई किंवा सूनबाई गाडी चालवणार असतील तर हे आधी पाहायला हवे.

दुसरा बदल बूस्टरचा. इंजिनच्या ओढीतून मिळणाऱ्या निर्वात दाबावर तो पायाला मदत करतो. (डिझेल इंजिनाला अशी ओढ नसते, तिथे वेगळा पंप लागतो.) गुडघे दुखणाऱ्या माणसाला बूस्टर वरदान आहे. पण तो ब्रेकची ताकद वाढवत नाही, पायाची वाढवतो. तापून पकड गेलेला ड्रम बूस्टर लावल्याने गार होत नाही. आणि इंजिन बंद झाले की एक-दोन वेळा दाबण्यापुरती मदत उरते, पुढे पेडल दगडासारखे होते.

इथे एक सवय सांगायलाच हवी. पेट्रोल वाचवण्यासाठी घाटात इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. बूस्टर नसलेल्या गाडीत त्यांनी हे वर्षानुवर्षे केले, आणि बूस्टर बसवल्यावरही करतील. शिवाय न्यूट्रलमध्ये सोडली तर इंजिनाची धरही जाते आणि मघाचा तो हंडाभर पाण्याचा सगळा भार ब्रेकवर येतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. गाडीत सहा माणसे आणि डिकीत दोन पोती असतील तर आणखी एक गिअर खाली. पसरणीसारख्या एका उतारावर न्यूट्रलमुळे वाचणारे पेट्रोल चहाच्या दोन-चार कपांच्या किमतीचेही नसते.

तिसरा आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे पुढच्या चाकांना डिस्क. ब्रेक लावल्यावर गाडीचे वजन पुढे झुकते आणि साठ-सत्तर टक्के काम पुढचीच चाके करतात, म्हणून डिस्क पुढेच हवे. मागे ड्रमच ठेवा. मागचा ब्रेक पुढच्यापेक्षा जोरकस झाला तर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी ओल्या रस्त्यावर भिंगरीसारखी फिरते.

डिस्क म्हटले की झाले, असेही समजू नका. विलायतेतल्या मिनी नावाच्या प्रसिद्ध छोट्या गाडीचे उदाहरण घ्या. १९५९ मध्ये ती ड्रमवर निघाली. १९६१ मध्ये तिच्या वेगवान कूपर जातीला सात इंची डिस्क दिले, पण ते अपुरे पडले. शेवटी १९६३ च्या कूपर एस मध्ये साडेसात इंची, जाड चकत्या आणि बूस्टर आले. गाडी बनवणाऱ्यांना जिथे दोनदा बदल करावा लागला, तिथे तालुक्याच्या गॅरेजात अंदाजाने बसवलेले डिस्क पहिल्याच फटक्यात बरोबर बसतील, हे मला पटत नाही.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे कॅलिपर धरणारे ब्रॅकेट. दुसऱ्या गाडीचा डिस्क आणि कॅलिपर आणायचे आणि पट्टी कापून, वेल्डिंग करून ब्रॅकेट बनवायचे, असा प्रकार सर्रास चालतो. जोरात ब्रेक लावल्यावर त्या एका ब्रॅकेटवर जवळजवळ सात क्विंटलचा ओढा पडतो, आणि तो वारंवार पडतो. नांगराच्या फाळाला वेल्डिंग सुटले तर तास वाया जातो. इथे सुटले तर चाकच अडकते. म्हणून मिस्त्रीला विचारा की ब्रॅकेट कशाचे आहे, अखंड पोलादातून कापले आहे का, कोणत्या बोल्टवर बसते, आणि याच जातीच्या गाडीला आधी बसवलेले चालू स्थितीत दाखवता येईल का. त्याने "मालक, तुम्ही टेन्शन घेऊ नका" एवढेच उत्तर दिले तर दुसरा मिस्त्री शोधा.

आणखी काही गोष्टी मिस्त्री सहसा सांगत नाहीत. कॅलिपरला ड्रमपेक्षा जास्त ऑईल लागते, म्हणून मास्टर सिलिंडर त्याला जुळणारा हवा. ड्रमच्या व्यवस्थेत नळीत थोडा दाब टिकवून ठेवणारी झडप असते. ती पुढच्या डिस्कच्या वाटेवर तशीच राहिली तर पॅड कायम घासत राहतात. डिस्क स्वतःचा जोर स्वतः वाढवत नाही, ड्रमचा पुढचा शू मात्र फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप आवळतो. म्हणून डिस्कला पायाचा जोर जास्त लागतो आणि बहुधा बूस्टर घ्यावाच लागतो. रिमच्या आत कॅलिपर मावतो का, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवल्यावर होज पाईप ताणतो की घासतो, हे गाडी जॅकवर असतानाच पाहावे. थोडक्यात, डिस्क ही एक वस्तू नसून पाच-सहा वस्तूंचा मेळ आहे. अर्धा मेळ बसवण्यापेक्षा निरोगी ड्रम शंभर पटीने बरा.

कागदपत्रांचेही पाहा. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नंतर दर पाच वर्षांनी ती तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या फेरबदलांवर बंधने घालते. म्हणून डिस्कसारखा मोठा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. गाडी पन्नास वर्षांवरची असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. पण ती मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीसाठी आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. आजोबांची आठवण म्हणून जपायची की बाजाराला न्यायची, हे घरात बसून आधी ठरवा. जपायची असेल तर डिस्कचा विषयच नको.

काम झाल्यावर

गॅरेजातून आणलेली गाडी घेऊन थेट लग्नाला किंवा जत्रेला निघू नका. नवे शू किंवा पॅड ड्रमला, चकतीला बसायला वेळ लागतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर हलके ब्रेक लावत चालवा, करकचून लावू नका. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, ताशी तीसच्या वेगाने हात सैल धरून ब्रेक लावून पाहा. गाडी सरळ थांबली पाहिजे. बूस्टर असेल तर इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारा, मग पाय दाबून ठेवून इंजिन चालू करा. पेडल थोडे खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. पाच-सहा किलोमीटर ब्रेकचा फारसा वापर न करता चालवून थांबा आणि चारही चाकांच्या कपाजवळ हात नेऊन पाहा. एक चाक इतरांपेक्षा गरम असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. तीनशे किलोमीटरनंतर शूचे अंतर पुन्हा जुळवून घ्या आणि चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का ते पाहा.

आणि गाडी पुन्हा छपराखाली महिनोन्महिने उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. शू ड्रमला गंजून चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला पुढून-मागून दगड लावा, पंधरा दिवसांतून एकदा अंगणात पुढे-मागे करा आणि त्या वेळी ब्रेक आठ-दहा वेळा दाबा. उंदरांचेही बघा. कडब्याजवळ उभ्या केलेल्या गाडीच्या बॉनेटखाली ते घर करतात आणि वायरी कुरतडतात. त्यात ब्रेकच्या मागच्या दिव्याची वायर तुटली तर तुम्ही वेळेवर थांबाल, पण मागून येणाऱ्या ट्रकला ते कळणार नाही.